काकांची एट हंड्रेड: ऑईल बदलायच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, सांगली

गाडी मारुती एट हंड्रेड, १९९७ ची, पांढरी, कार्बोरेटरवाली. मालक काका. काम सध्या एवढंच ठरलंय की ऑईल आणि फिल्टर बदलायचा. शेवटचं ऑईल २०२३ च्या दिवाळीआधी बदललंय, काकांच्या डायरीत नोंद आहे, आणि गाडी वर्षाला फार तर दोन-अडीच हजार किलोमीटर फिरते. किलोमीटर कमी असले तरी ऑईलला वय असतंच, आणि काकांची गाडी म्हणजे घर ते मंडई, मंडई ते बँक, बँक ते घर. इंजिन धड गरम व्हायच्या आत बंद. असं चालवणं ऑईलला हायवेपेक्षा जास्त वाईट.

पण मला खटकलं ते काकांचं एक वाक्य. "माझी गाडी ऑईल खात नाही बघ, सव्वा वर्षात थेंब टाकला नाही." अभिमानानं सांगतात. आता सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचं इंजिन, सकाळी सेल मारला की मागून निळा भपका येतो, म्हणजे थोडंफार ऑईल जळतंय हे डोळ्यांना दिसतंय, आणि तरी ऑईल मोजायच्या पट्टीवर (डिपस्टिकवर) लेव्हल हलत नाही? जळलेलं भरून कुठून येतंय मग? नव्या गाडीत लेव्हल तशीच राहिली तर चांगलंच, पण एवढ्या जुन्या गाडीत ती वर्षभर हलत नसेल तर आधी शंका घ्यावी असं माझं मत आहे.

आज पट्टी बघितली. गाडी रात्रभर उभी होती, सेल मारायच्या आत बघितलं. काकांच्या पार्किंगला पावसाचं पाणी जावं म्हणून उतार दिलाय, तिथं बघण्यात अर्थ नाही, कारण इंजिनच्या बुडाशी ऑईल साठतं ते चेंबर लहान आहे आणि गाडी जराशी कलली तरी पट्टीवर चार-पाच मिलिमीटरचा फरक सहज पडतो. गाडी ढकलत समोरच्या अपार्टमेंटच्या फरशीवर नेली, पुढच्या-मागच्या चाकाला गवंड्याची लेव्हल ट्यूब लावून बघितली, मग पट्टी काढली. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर विश्वास ठेवायचा नाही, नळीच्या आतल्या बाजूला ऑईल चिकटलेलं असतं ते पट्टीला वरपर्यंत लागतं. पुसायची, पूर्ण टेकेपर्यंत आत घालायची, काढायची, परत तेच. दोन बाजूंना वेगवेगळं दिसलं तर खालचं खरं धरायचं.

फुलच्या खुणेच्या चार मिलिमीटर वर. फुलवर नाही, फुलच्या वर. पट्टीवर बारीक रेघ मारून ठेवली.

संशयित तीन. एक, मागच्या वेळी गॅरेजवाल्यानं तीन लिटरचा डबा उघडला आणि अख्खा ओतला. या गाडीत फिल्टरसकट साधारण २.७ लिटर मावतं, डबे येतात तीनचे किंवा साडेतीनचे, आणि उरलेलं पाव लिटर परत द्यायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. दोन, रेडिएटरचं पाणी ऑईलमध्ये जातंय. तीन, पेट्रोल जातंय.

दुसरा लगेच बाद. पट्टीवरचं ऑईल स्वच्छ काळं आहे, पाणी गेलं असतं तर दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं असतं, आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत नाही. ऑईलच्या झाकणाच्या आत थोडी पिवळट साय आहे पण ती कमी अंतर चालणाऱ्या गाडीत वाफ साठून धरते, त्यावरून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग, खोलायला धावू नये. गॅरेजमध्ये असल्या सायीवरून हजारोंची बिलं झालेली ऐकलीत.

९ फेब्रुवारी

आठवडाभर काकांनी गाडी नेहमीसारखी वापरली. आज परत त्याच फरशीवर, त्याच जागी, गार इंजिन. लेव्हल माझ्या रेघेच्या वर गेलीय, एखाद-दीड मिलिमीटर. आधीच जास्त ओतलेलं ऑईल आठवड्यात वाढत नाही, त्यामुळे पहिला संशयितही सुटला, निदान एकटा तरी तो नाही.

पट्टीचा वास घेतला. येतोय, पण थोडा वास जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीच्या ऑईलला नेहमीच असतो, नुसत्या नाकावर जाऊन चालत नाही. म्हणून कागदाची टेस्ट. टीपकागद किंवा कॉफी फिल्टर चालतो, मी चहाच्या कागदी नॅपकिनचे दोन पदर घेतले. एक थेंब या ऑईलचा, शेजारी एक थेंब माझ्या स्वतःच्या गाडीतल्या वापरलेल्या ऑईलचा. तासाभरानं बघितलं तर माझ्या गाडीचा थेंब काळा गोल आणि भोवती बारीक तपकिरी कड, आणि काकांच्या थेंबाभोवती मोठं फिकट वर्तुळ पसरत पार कागदाच्या कडेला गेलेलं. पातळ झालंय. बोटांत चोळलं तरी कळतं, चिकटपणाच नाही.

काकांना दाखवलं. म्हणाले, "काय लावलंयस हे, ऑईल बदल आणि मोकळा हो की." त्यांचंही बरोबर आहे, पण पेट्रोल कुठून येतंय ते न शोधता नवीन ऑईल टाकलं तर महिन्याभरात तेही पातळ होणार. पातळ ऑईल बेअरिंगला धरून ठेवत नाही, लेव्हल फुल दिसते आणि आत मेटलला मेटल घासतं. पट्टी उंची दाखवते, आत काय आहे ते नाही दाखवत. काकांना सांगून ठेवलंय की आता रविवारपर्यंत गाडी काढायची नाही, मंडईला रिक्षानं जा. रागावलेत.

१६ फेब्रुवारी

ऑईल काढलं. ओळखीच्या मिस्त्रींच्या गॅरेजला, त्यांच्याकडं खड्डा आहे आणि खड्ड्यावर गाडी सरळ उभी राहते. घरी जॅकवर करता येतं, पण जॅकवर गाडी कललेली राहते, ऑईल पूर्ण उतरत नाही, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणं मला पटत नाही, खाली आधाराचे घोडे लावल्याशिवाय कधीच नाही.

इंजिन पाच-सात मिनिटं चालवून कोमट केलं, कोमट ऑईल पटकन उतरतं आणि बुडाशी बसलेला गाळही घेऊन येतं. मिस्त्रींना आधीच सांगितलं होतं की ऑईलमध्ये पेट्रोल आहे, तर त्यांनी काही न बोलता खड्ड्यातला वायरचा बल्ब काढला, पोराची विडी विझवायला लावली आणि हातबॅटरी घेऊन खाली उतरले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात जाऊन बसते. हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नाही, पण चाळीस वर्षं खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाला ते माहीत असतं.

ड्रेन बोल्ट सुटला तसं ऑईल धार धरून पडलं ते पाण्यासारखंच. अर्धा तास ठिबकू दिलं, फिल्टर काढून तोही उपडा ठेवला. मग सगळं मापाच्या भांड्यात: २ लिटर ८५० मिली. जे बाहेर येतं ते मोजत कुणीच नाही, सगळे सरळ ड्रममध्ये ओततात, आणि माझ्या मते इथंच निम्मी माहिती वाया जाते. थोडं ऑईल इंजिनच्या कानाकोपऱ्यात राहतंच, ते कधी उतरत नाही, त्यामुळे जेवढं टाकलं त्यापेक्षा कमीच बाहेर यायला पाहिजे. सव्वा वर्ष जाळून झाल्यावर तर बरंच कमी. इथं गाडीत मावतं त्यापेक्षाही जास्त निघालं.

बोल्टचे आटे चांगले आहेत, वायसर मात्र दाबून दाबून कागद झालाय, नवीन घेणार. बोल्ट आणि फिल्टरचं तोंड पुसून हातानं लावून ठेवलं, गाडी तिथंच. नवीन ऑईल आज टाकलं नाही. चावीला चिठ्ठी बांधली, "ऑईल नाही, सेल मारू नये", कारण गॅरेजमध्ये गाडी जरा पुढं घ्यायला कोणीही उठून चावी फिरवतं.

काढलेलं ऑईल मिस्त्रींच्या ड्रममध्ये, तो ड्रम गोळा करणारा घेऊन जातो. आमच्या गावाकडं हे ऑईल वाळवी लागू नये म्हणून दाराच्या चौकटीला आणि वाशांना फासतात, शेजारच्यानं मागितलंही होतं, पण पेट्रोल मिसळलेलं लाकडाला फासून वर आणि देवघरात दिवा लावायचा म्हणजे कठीण आहे. नाही म्हटलं. गटारीत तर नाहीच.

२३ फेब्रुवारी

पेट्रोलचा रस्ता सापडला. एसी पंप, म्हणजे इंजिनवरचा पेट्रोल पंप.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या जुन्या गाड्यांत पेट्रोल पंप टाकीत नसतो, इंजिनवरच बोल्ट केलेला असतो आणि कॅमशाफ्ट त्याची दांडी हलवतो. पद्मिनीलाही पंप इंजिनवरच होता. आत रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम. पडद्याच्या एका अंगाला पेट्रोल, दुसऱ्या अंगाला दांडी, आणि दांडीच्या मागं थेट इंजिनचं पोट. पडदा चिरला की पेट्रोल बाहेरच्या बारीक भोकातून ठिबकायला पाहिजे, ते भोक त्यासाठीच ठेवलेलं असतं की निदान खाली डाग पडून मालकाला कळावं. काकांच्या पंपाचं ते भोक धूळ आणि ऑईलच्या चिकट थरानं बंद झालेलं. मग पेट्रोलला दांडीच्या सीलकडून आत जाण्याशिवाय रस्ता नव्हता. गाडीखाली डाग नाही, वास नाही, काकांचं समाधान की गाडी गळत नाही आणि खातही नाही.

पुढं एमपीएफआयवाली, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनची, एट हंड्रेड आली तिला हा त्रास नाही, तिचा पंप टाकीत.

पंप सोडवायच्या आधी कार्बोरेटर बघून घेतला होता, कारण फ्लोटची सुई अडकली किंवा चोक पूर्ण उघडत नसेल तरी जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून खाली जातं, आणि तसं असतं तर नवीन पंप बसवूनही काही उपयोग नव्हता. पण प्लग कोरडे आहेत, तपकिरी आहेत, काळी काजळी नाही. म्हणजे वरून नाही. पंप हातात घेऊन दांडी दाबली, बाहेर जाणाऱ्या नळीवर बोट ठेवलं आणि दांडी सोडली. पडदा शाबूत असेल तर दाब धरून राहतो, इथं लगेच गेला. खोलून बघितल्यावर पडद्याच्या कडेला नखाएवढी चीर.

किट मिळतं पण मिस्त्री म्हणाले नवीनच पंप टाका, किटमधलं रबर हल्ली किती दिवस टिकेल सांगता येत नाही, पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं आणि जुन्या पद्धतीचं रबर त्याला पुरत नाही. एट हंड्रेड डिसेंबर १९८३ ला सुरू झाली आणि जानेवारी २०१४ ला बंद, पण तीस वर्षांत एवढ्या गाड्या रस्त्यावर आल्या की पार्ट मिळायला अडचण नाही, सांगलीतच दुसऱ्या दुकानात मिळाला. जुन्या पंपाखालचा जाड फायबरचा तुकडा आणि दोन्ही पॅकिंग तशीच त्याच जाडीची पाहिजेत, जाडी बदलली की दांडीचा टप्पा बदलतो आणि पंप एकतर कमी पेट्रोल देतो किंवा पडद्यावर ताण येतो.

२ मार्च

आजचा दिवस पट्टीचा.

पंप बसवला, नवीन वायसर घालून ड्रेन बोल्ट आवळला, नवीन फिल्टरच्या रबराला ऑईल लावून हातानं बसवला, रबर टेकल्यावर पाऊण फेरा, पाना नाही. ऑईल २०डब्ल्यू-४० मिनरल. दुकानदार ५डब्ल्यू-३० सिंथेटिक गळ्यात मारत होता, भारी आहे म्हणून. भारी असेल, पण ते नवीन इंजिनच्या बारीक फटींसाठी, या इंजिनच्या सील आणि रिंगांतून ते अजून सहज सरकेल. मिस्त्रींचा कल २०डब्ल्यू-५० कडं, घट्ट टाका म्हणजे खाणार नाही. आम्ही ४० वर थांबलो.

मग एकदम न ओतता मापानं टाकलं. आधी दीड लिटर, दहा मिनिटं थांबून पट्टी, मग शंभर-शंभर मिली आणि प्रत्येक वेळी थांबून पट्टी. मिस्त्रींचा पोरगा हसत होता पण नंतर तोच भांडं धरून उभा राहिला. नवीन ऑईल पट्टीवर दिसत नाही हा मोठा ताप, पारदर्शक असतं, फुलवर आहे की अर्ध्यावर कळतच नाही. पट्टीचं टोक झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासून घेतलं (खुणा सोडून), पट्टी आडवी धरून ट्यूबलाईटचा उजेड तिच्यावर पडेल अशी फिरवली की ओल्या भागाची कड दिसते. नाहीतर वर्तमानपत्रावर टेकवायची, ओला ठसा उठतो.

हाती आलेले आकडे, फक्त याच गाडीचे:

लोची खूण १ लिटर ७५० ला. फुलची खूण २ लिटर ५०० ला. मधलं अंतर २० मिलिमीटर, म्हणजे पाऊण लिटरला २० मिलिमीटर, शंभर मिलीला पावणेतीनच्या आसपास.

यातून एक शंका परस्पर मिटली. पट्टीचं पिवळं हँडल मला जरा जास्तच नवीन वाटत होतं, जुन्या गाडीत पट्टी हरवते आणि कोणीतरी भंगारातून दुसऱ्या मॉडेलची आणून खुपसतो. ओमनीचं इंजिन याच घराण्यातलं पण ते सीटखाली उभं बसवलेलं, तिची पट्टी इथं चालवली तर लो-फुल सगळं खोटं. पण मापात ओतलेलं ऑईल आणि खुणा जुळल्या, म्हणजे पट्टी याच गाडीची आहे किंवा निदान तशीच आहे.

२.५ लिटरवर थांबून इंजिन चालू केलं. ऑईलचा लाल दिवा तीन-चार सेकंदांनी गेला, तोपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय नाही. दोन मिनिटं चालवून बंद, दहा मिनिटं थांबलो, पट्टी परत. खाली गेली पाच मिलिमीटर, कारण रिकाम्या फिल्टरनं आपलं घेतलं. अजून दोनशे मिली टाकलं, फुल. एकूण २.७. इथं चालू न करताच फुल दिसलं म्हणून झाकण लावून निघून गेलं की गाडी पहिल्याच दिवशी कमी ऑईलवर चालते. आणि घाबरून डबा अख्खा ओतला की उलटा त्रास, क्रँक ऑईलमध्ये बुडून फेस करतो, फेस ऑईल पंपानं ओढला की प्रेशर जातं, आणि जादा ऑईल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, एअर फिल्टरमध्ये. काकांच्या एअर फिल्टरच्या डब्यात तळाला ऑईल सापडलंच.

तीन लिटरच्या डब्यात तीनशे मिली उरलं. डबा पुसून डिकीत.

९ मार्च

गार इंजिन, फरशी, पट्टी. फुलवर, तसूभर वर नाही. वास नाही. पंपाखाली कोरडं. काकांना चावी परत.

३० मार्च, पाडवा

सकाळी गुढी उभारून काका, काकू आणि मी नरसोबाच्या वाडीला. जयसिंगपूरवरून गेलो, परत येताना ऊन रणरणत होतं तरी टेंपरेचरचा काटा जागेवर. इंजिनचा आवाज बदललाय हे काकूंच्या लक्षात आलं, काकांच्या नाही. "आधी नुसतं खडखडायचं," त्या म्हणाल्या.

घरी येऊन गाडी फरशीवर लावली, चहा होईपर्यंत थांबलो, पट्टी. फुलच्या खाली दोन मिलिमीटर. काकांनी स्वतः बघितली, चष्मा लावून.

"बघ! आता खायला लागली. तू हात लावायच्या आधी खात नव्हती."

"काका, आधीपण खातच होती, पेट्रोल भरून काढत होतं."

"पेट्रोल कसं भरून काढंल? ऑईल वेगळं, पेट्रोल वेगळं."

"तेच म्हणतोय की मी."

काकू आतून म्हणाल्या की सणाचं भांडू नका. काकांची गाडी मी बिघडवली ही गोष्ट आता दोन-तीन घरांत पोचलीय, चुलतभावाचा फोन येऊन गेला. कागदावरचे ते दोन थेंब मी ठेवलेत, तो आला की त्याला दाखवणार.

२० एप्रिल

लेव्हल फुलच्या खाली सहा मिलिमीटर, शंभराला पावणेतीनच्या हिशोबानं सव्वादोनशे मिली कमी. ऑईल टाकल्यापासून मीटरवर चारशे तीस किलोमीटर. म्हणजे हजाराला अर्धा लिटर. या वयाच्या इंजिनला चालतंय, पण लक्ष ठेवायला लागेल एवढं नक्की.

कुठं जातंय तेही बघितलं. सकाळच्या पहिल्या सेलला निळा भपका आणि मग साफ. विश्रामबागच्या पुढं मोकळ्या रस्त्यावर थर्डमध्ये दाबायला लावली, मी मागं बाईकवर, धूर नाही. दाबताना धूर आला असता तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असं धरलं असतं. रात्रभर उभी राहून सकाळी एकदाच येतो म्हणजे व्हॉल्व्हचे सील कडक झालेत, रात्रीत थेंब थेंब खाली उतरतं आणि सकाळी जळतं. शिवाय टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, मागच्या कडेला ओल आहे, थोडं तिकडून. सीलचं काम हेड उतरवून करायचं तर पाडव्याच्या गप्पा अजून ताज्या आहेत, काका तयार होणार नाहीत, आणि मलाही एवढ्यासाठी हेडला हात लावावासा वाटत नाही.

लाल दिवा लागला की ऑईल टाकू असं काका म्हणत होते, त्यांना सांगितलं की तो दिवा लेव्हलचा नाही, प्रेशरचा आहे. वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर लुकलुकला तरी समजायचं की ऑईल पंपानं हवा ओढली, आणि पूर्ण लागला तर गाडी आहे तिथंच बंद, घरापर्यंत नेऊ असं नाही. म्हणून महिन्याच्या एक तारखेला आणि पंधरा तारखेला पट्टी, सकाळी, फरशीवर. काकांच्या डायरीत दुधाच्या हिशोबाच्या पानामागं रकाने आखून दिलेत: तारीख, मीटर, फुलच्या खाली किती, किती टाकलं. खाली गेली तर हरकत नाही. वर गेली तर गाडी न काढता मला फोन.

डिकीतल्या डब्यातून दोनशे मिली टाकलं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणलंय, मे महिन्यात बसवायचं. ऑईल आणि फिल्टर सप्टेंबरात, तेव्हा परत काढलेलं मोजायचं, २.७ मधलं आणि वरून टाकलेल्यातलं किती शिल्लक राहतं ते.